घरटी एक माणूस

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं होतं की आता कोणाच्या चुका काढायच्या नाहीत. हा निश्चय आठवडाभरही टिकला नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला दुकानावरच्या पाटीत ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दिसला की हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. आमचे हे म्हणतात, "तू स्वर्गात गेलीस तरी आधी दारावरची पाटी तपासशील." तपासणारच. चुकीची पाटी लावणाऱ्यांच्या स्वर्गात राहायचं कोणी?

ही खोड बघूनच मला महाल भागातल्या बायकांच्या सल्ला केंद्रात ओढलं गेलं. भांड्यांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, खाली दिवसभर पितळेचा आणि स्टीलचा खणखणाट, वर सतरंजीवर बसलेल्या बायका. कोणाला नवऱ्याने मारलेलं, कोणाला सासरहून काढलेलं, कोणाला मुलीचं लग्न लांबवायचं आहे आणि घरात ऐकणारं कोणी नाही. गाडी दूर चौकात लावून गल्लीतून चालत जावं लागतं. केंद्र चालवणारी ताई निवृत्त नर्स आहे. तिचा आवाज अजून वॉर्डातला आहे, म्हणजे दोन खाटांपलीकडच्या पेशंटलाही आपल्यालाच सांगताहेत असं वाटावं असा. मी गेले त्या पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात कागद दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही समुपदेशन करू नका. तुम्ही बायकांना मधेच थांबवून व्याकरण दुरुस्त कराल. तुम्ही आमचं लिहिणं बघा."

तर लिहिणं माझ्याकडे आलं. डिसेंबरात मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने ताई दरवर्षी एखाद्या गावात मेळावा घेते. आदल्या वर्षीच्या बॅनरवर 'मानवाधिकार जनजागृती मेळावा' असं लिहिलं होतं. बायका भरपूर आल्या, पण प्रत्येकीच्या हातात पिशवी, आणि पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, फोटो. दोन तास बसून झाल्यावर एका म्हातारीने विचारलं, "तो मानव अधिकारी कवा येते?" बायकांनी अधिकार वाचलाच नव्हता, अधिकारी वाचला होता. त्यात त्यांची काय चूक? सरकारदरबारी त्यांना अधिकारी भेटलेले आहेत, अधिकार कुठे भेटलाय?

"या वर्षी सोपं लिहा," ताई म्हणाली. "आपल्या बोलण्यातलं."

मला हुरूप आला. संस्कृतचं ओझं उतरवून टाकायचं असं ठरवलं आणि बराच वेळ पेन चावून मी लिहिलं, 'माणसाचे हक्क. सगळ्यांनी या.' मला ते फार आवडलं. ह्यांना दाखवलं, त्यांनाही आवडलं, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मेळावा काटोलच्या रस्त्यावरच्या एका गावात होता, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे असलेल्या. ग्रामपंचायतीने मोठ्या मनाने समाजमंदिर दिलं होतं आणि बॅनर आदल्या दिवशीच फाटकावर लावला होता. आम्ही दोघी बसमधून उतरून पोचलो तर समाजमंदिर गच्च भरलेलं. मी आनंदाने आत डोकावले आणि दारातच थांबले. आत एकही बाई नव्हती. इस्त्रीचे शर्ट घातलेले, खांद्यावर दुपट्टे टाकलेले, मिशांना तेल लावलेले नुसते पुरुष.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी उठून आमचं स्वागत केलं. "बरं झालं, मॅडम. आतापर्यंत जो येते तो बायाईचेच हक्क सांगते. माणसाईचं कोणी पाह्यतच नव्हतं."

ताई एवढी हसली की तिला खांब धरावा लागला. मला हसू यायला वेळ लागला. नंतर कळलं, बायकांनी बॅनर वाचला होता, नवऱ्यांना शर्ट काढून दिले होते, आणि 'जा, तुमची मीटिंग हाये' म्हणून धाडलंही होतं. आमच्या इकडे 'माहा माणूस' म्हणजे माझा नवरा आणि 'माणसं' म्हणजे पुरुष, हे काय मला माहीत नव्हतं? मी इथलीच आहे. पण लिहायला बसलं की माणूस पुस्तकातला होतो. बघा, इथेही 'माणूस'च आला.

ताईने पुरुषांना घालवलं नाही. "बसा, तुम्हालाही लागेल," म्हणाली आणि त्यांच्याशी बोलायला लागली. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही फिरा आणि बायका गोळा करा. शब्द तुमचा, तुम्हीच निस्तरा."

मी घरोघर फिरले. खरं सांगायचं तर बायका गोळा करण्यापेक्षा मला आता त्या शब्दाचंच कुतूहल लागलं होतं. प्रत्येक दारात मी एकच प्रश्न विचारू लागले, "तुमच्याकडे माणसं किती?" एकीने बोटांवर मोजलं, सासरा, नवरा, दीर, दोन मुलगे, आणि थांबली. मी म्हटलं, "सैपाक किती माणसाईचा करता?" तर आकडा एकदम वाढला, त्यात सासू आली, जावा आल्या, पोरी आल्या. स्वतः ती तरीही आली नाही. "अन् तुम्ही?" म्हटल्यावर ती हसायला लागली. "माह्यं काय, उरते त्याच्यात होते."

म्हणजे एकाच घरातला एकच शब्द, पण मीटिंगला वेगळा मोजला जातो आणि ताटाला वेगळा. मला याची गंमत वाटली आणि थोडा रागही आला. आजारी पडल्यावर मात्र बाई माणसात येते, 'घरात आजारी माणूस आहे' असं कोणीही म्हणतं. आणि माणुसकी तर बाईकडूनच आधी मागतात, ती दाखवताना कोणी पुरुषाला पुढे करत नाही.

गावाच्या नाल्याकडच्या टोकाला शेवटचं घर होतं. दारात एक बाई तुरी पाखडत बसली होती, तिशी उलटलेली, कपाळाला आठी. मी सवयीने विचारलं, "तुमच्या घरी माणसं किती, बाई?"

"एकबी नाही."

"मग इथे राहतं कोण?"

"मी अन् पोट्टी," तिने सांगितलं, आणि सूप थांबवलं नाही.

मी तिच्या ओट्यावर टेकले. तिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर मौद्याकडे निघून गेला होता, तिकडच्या वीज प्रकल्पावर कंत्राटी कामाला आहे म्हणे. ना सोडचिठ्ठी, ना खर्च. ही संत्र्याच्या तोडणीला जाते. शेजारी, म्हणजे अलीकडच्याच घरात, दीर राहतो आणि सासू त्याच्याकडे असते. नवरा गेल्यापासून सासू हिच्याशी बोलत नाही. हिनेच मुलाला घालवलं असं सासूचं म्हणणं. "जसा काही मी त्याले बसमधी बसवून आली," ती म्हणाली.

मग खरी गोष्ट निघाली. गावात नळाची नवी लाइन येणार होती. आखणी झाली होती आणि लाइन दिराच्या घरापाशी संपत होती. हिचं घर त्याच्या पुढे. आता पाणी नाल्यापलीकडच्या विहिरीवरून येतं आणि ते मुलगी आणते, कारण आई उजाडायच्या आत बगीच्यात गेलेली असते. मुलगी आठवीत. पाणी भरून शाळेत जाईपर्यंत पहिला तास उलटतो, आणि पहिला तास गणिताचा. शिक्षकांनी सांगून पाठवलं होतं की असंच चाललं तर नववीत बसवणं कठीण. "शाळा सुटली का लगीनच लावा लागते मंग," ती म्हणाली. "मले तिचं लगीन नाही लावाचं. मले नळ पाह्यजे."

"मग ग्रामसभेत सांगा ना."

"कोण सांगते? भोंग्यावर तं म्हणतेत, घरटी एक माणूस या म्हणून. आमच्या घरचा माणूस मौद्याले हाये."

मी जन्मभर शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले. एका शब्दाच्या अर्थावर एका मुलीची शाळा अडलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझं कुतूहल तिथे जरा गप्प झालं.

मी ताईला बोलावून आणलं. ताई ओट्यावर बसली, पाणी मागितलं नाही, आणि म्हणाली, "काय वं, मतदार यादीत नाव आहे तुझं?"

"हाये नं. मत मागाले येतेत तवा बरी माणसात धरतेत मले."

"मग ग्रामसभेतही नाव यादीतलंच. गावातला प्रत्येक मतदार तिथे बसू शकतो, बाई असो का बाप्या. भोंग्यावर काय म्हणतात त्याला कायदा विचारत नाही."

तिने सूप मांडीवर टेकवून सगळं ऐकलं. मग सूप पुन्हा सुरू झालं.

परतताना बसमध्ये मी ताईजवळ माझं संशोधन उघड केलं. सगळ्या जगाने मान्य केलेला मानवी हक्कांचा तो जाहीरनामा लिहितानाही म्हणे याच शब्दावरून वाद झाला होता, इंग्रजीत पुरुष आणि माणूस एकाच शब्दात बसत होते, आणि तिथल्या बायकांनीच तो बदलून घेतला होता. "म्हणजे एवढी शहाणी माणसं जमली तरी काटोलच्या रस्त्यावरचाच घोळ," मी म्हटलं.

ताई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आजीने छप्पन साली आपल्याच शहरात धम्माची दीक्षा घेतली. गावाहून चालत आली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. ती सांगायची, आम्ही त्या दिवशी माणसात आलो. 'आलो' म्हणायची, त्यात ती होती, आजोबा होते, तिचं बोट धरलेली माझी आई होती. तिच्या माणसात बाई पहिल्यापासून धरलेली होती. म्हणून मॅडम, शब्द वाईट नाही तुमचा. तो सोडू नका. आत कोण कोण बसतं ते सांगत राहावं लागेल, एवढंच."

मी पिशवीतून कागद काढून तिचं शेवटचं वाक्य लिहून घेतलं, एकही दुरुस्ती न करता.

घरी आल्यावर मी स्वतःवर पाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी गॅसवाल्याने बेल वाजवली, सिलिंडर कुठे ठेवायचं विचारलं, आणि विचारलं, "घरी कोणी आहे का उचलू लागायला?" मी दारात उभी राहून म्हणाले, "नाही, घरी कोणी नाही." तो गेल्यावर मी आरशासमोर जाऊन बघितलं. होते मी. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग मी तरी कुठे असतो? माझा फोन आला की तूच सांगतेस, ते झोपलेत." हा बचाव मला पटला नाही, पण हसू आलं.

ग्रामसभेच्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गेलो. आम्ही बाहेरच्या, आम्हाला आत बसायचा अधिकार नव्हता, म्हणून समाजमंदिराच्या ओसरीत उभ्या राहिलो. तिथे गावातल्या बायकाही होत्या. त्या मीटिंगला आल्या नव्हत्या, नुसत्या 'पाहाले' आल्या होत्या, असं प्रत्येकीने आम्हाला न विचारता सांगितलं. पलीकडच्या खिडकीच्या गजांना धरून एक सुकलेली, काटक म्हातारी उभी होती. शेजारणीने कोपराने खुणावून सांगितलं, "ते नाल्याकडच्या बाईची सासू."

आत पुरुष सतरंजीवर बसले होते. टेबलामागे सरपंच बाई, डोक्यावरून पदर, शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान, आणि बाजूला हिशेबी चेहऱ्याचे ग्रामसेवक. आणि सतरंजीच्या अगदी काठाला, दाराजवळ, ती. एकटीच बाई. चपला तिने हातात धरून ठेवल्या होत्या. केव्हाही उठून जायची तयारी होती की काय, मला माहीत नाही.

नळाचा विषय निघाला. ग्रामसेवकांनी लाइन कुठून कुठे जाणार ते वाचलं आणि कोणाला काही म्हणायचं आहे का विचारलं. ती उभी राहिली. उभी राहिली आणि चपला या हातातून त्या हातात घेत राहिली. शाळेत तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुली मला आठवल्या, आणि तिला उत्तर पुटपुटून सांगावं असा मोह झाला. ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

यजमानांनी विचारलं, "बाई, तुह्या घरून माणूस कोण आला?"

"मी आली."

दोन-चार जण हसले. तिचा दीर पुढच्या रांगेतून उठला. तो भला दिसत होता, म्हणजे बोलण्यात तरी. "तिच्याकून मीच बोलतो नं जी. आमचं घर एकच हाये."

आता ती वळली. "भाऊजी, घर एक असतं तं तुमच्या बोरचं पाणी माह्या पोट्टीनं भरलं असतं. ते विहिरीवर जाते. शाळेचा पहिला तास जाते तिचा रोज." मग टेबलाकडे पाहून म्हणाली, "लाइन माह्या घरालोग पाह्यजे. तिथं दोन जणं राह्यतेत."

कोणी म्हणालं पाइप पुरणार नाही, कोणी म्हणालं एका घरासाठी कोण खोदते. कुजबुज वाढली तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, हात वर करून घ्या, लाइन शेवटच्या घरापर्यंत न्यायची की नाही. आत काही हात वर झाले. मी मोजायचा प्रयत्न केला, पण पुरेसे नाहीत हे न मोजताही दिसत होतं. पुढच्या रांगेतले बहुतेक हात मांडीवरच होते. दिराचाही.

तेवढ्यात माझ्या शेजारची बाई, जी नुसती पाहायला आली होती, तिने ओसरीतूनच हात वर केला. मग तिच्या मागचीने. बांगड्या वाजल्या म्हणून आतल्यांनी मागे वळून बघितलं.

"बाहेरचे हात धरता येत नाही," ग्रामसेवक म्हणाले.

सरपंच बाई आतापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, समोरच पाहिलं. "काहून? मतदार हायेत त्या. आत या वं सगळ्या. मोजा जी."

बायका आत शिरल्या. एकदम नाही, एकमेकींना ढकलत, तोंडाला पदर लावून हसत. जागा नव्हती म्हणून पुरुष सरकले, काही उठून भिंतीशी उभे राहिले. आम्ही दोघीच बाहेर उरलो, आणि खिडकीपाशी ती म्हातारी. ती गज सोडून सावकाश दाराशी आली, उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवला आणि हात वर केला. कोणाकडे न पाहता, सरळ वर, कोपर न वाकवता. पुढच्या रांगेतल्या दिराने मागे वळून आईचा हात पाहिला आणि मान खाली घातली. ग्रामसेवक बोट दाखवत मोजत दारापर्यंत आले, आणि लाइन शेवटच्या घरापर्यंत न्यायची असं ठरलं.

सभा सुटल्यावर मला सुनेजवळ जाऊन काहीतरी बोलायचं होतं. पण ती माझ्याकडे आलीच नाही. चपला पायात घालून ती सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिली. किती वर्षांनी, ते त्या दोघींनाच ठाऊक.

म्हातारीच आधी बोलली, आणि चांगली फटकून बोलली. "तुह्यासाठी नाही केला मी हात. सत्तरी आली माही, कोणी कशात धरलं नाही मले. म्हटलं पाहू तं खरं, मोजतेत का."

"मोजला जी," सून म्हणाली. "मी पाहून राहिली होती."

म्हातारीने नाक ओढलं, पदर सारखा केला, आणि दोघी नाल्याकडच्या बोळात वळल्या, एक पुढे, एक मागे.